आधी ब्रेक, मग पंक्चर

घरच्या घरी सायकल दुरुस्त करायला शिकायचं म्हटलं की जो तो पंक्चरपासून सुरुवात करतो. घमेल्यात पाणी घ्यायचं, ट्यूब बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं आणि ठिगळ लावायचं. काम सोपं असतं, हाताला लगेच यश येतं आणि शिकणाऱ्याला वाटतं, आता सायकल आपल्याला कळली. माझं सांगणं वेगळं आहे. पंक्चर झालेली सायकल माणसाला थांबवते. ब्रेक सुटलेली सायकल माणसाला थांबू देत नाही. म्हणून शिकण्याचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे असा न ठेवता धोक्याप्रमाणे ठेवावा. ज्या बिघाडाने हाडं मोडतात तो आधी शिकावा, ज्याने नुसती पायपीट होते तो नंतर. हे शहाणपण आमच्या घरात दुखापतीच्या वाटेने आलं. इतरांच्या घरात ते आधीच पोचावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आम्ही चांदीपला राहतो. वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातलं हे गाव, शिरसाडहून अंबाडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं. याच रस्त्याने वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या भाविकांच्या गाड्या जातात, दगडखाणींचे डंपर जातात आणि याच रस्त्याच्या कडेने मुलंमुली सायकलने शाळेला जातात. पावसाळ्यात डांबर उखडतं, कडेला बारीक खडी साचते, खड्ड्यात पाणी भरलं की त्याची खोली कळत नाही. अशा रस्त्यावर सायकलीचा ब्रेक हा चैनीचा भाग नाही.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिला शहरातल्या एका दुकानातून नवी गिअरची सायकल घेतली होती, दोन्ही चाकांना तारेचे ब्रेक असलेली. श्रावणातली सकाळ, पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता ओला. उतारावर पुढच्या डंपरने अचानक वेग कमी केला. तिने पुढचा ब्रेक दाबला, तर लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकला. मागचा दाबला, तर सायकल घसरत तशीच पुढे. मुलगी हुशार, तिने हँडल डावीकडे वळवून सायकल रस्त्याखाली भातखाचरात घातली. डंपर चुकला, पण बांधावर आपटून मनगटाचं हाड मोडलं. दवाखान्यातून आल्यावर प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, “बाबा, मी दाबला होता ब्रेक. लिव्हर नुसता हातात आला.”

संध्याकाळी मी ती सायकल अंगणात उलटी ठेवली आणि निरखून पाहिली. ब्रेकची तार ज्या नटाखाली पकडलेली असते, तिथे ती दाबली जाऊन थोडी चपटी होते. नीट आवळलेल्या तारेवर ही चपटी खूण एकाच जागी असते. हिच्या तारेवर ती लांबट होती, नटाखालून घासत सरकत आल्यासारखी, आणि टोकाचे बारीक धागे फुलून आले होते. नट बोटाने फिरत होता. मागच्या चाकाशी वेगळीच गत होती. ब्रेकचे रबर रिमवर बसायचे ते अर्धे टायरवर बसत होते आणि टायरच्या कडेला त्यांनी बोटभर लांबीची खाच पाडली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर त्या खाचेतून ट्यूब बाहेर येऊन फुटली असती. म्हणजे नव्याकोऱ्या सायकलीचा एकही ब्रेक कामाचा नव्हता, आणि सायकल दिसायला चकचकीत होती.

घाईत जोडलेली सायकल कुठल्याही दुकानातून येऊ शकते. खोक्यातून अर्धवट जोडलेली येते, हँडल, पायडल, पुढचं चाक, ब्रेक हे सगळं दुकानात किंवा घरी बसवायचं असतं. हल्ली ऑनलाइन मागवलेल्या सायकलींचं तर हे काम अनेकदा घरीच होतं. मी नंतर गावातल्या आणि नात्यातल्या मुलांच्या सायकली बघू लागलो, तेव्हा पुढचं चाक धरणारा चिमटा चक्क उलटा बसवलेली सायकलही दिसली. चिमट्याचा बाक नेहमी पुढच्या बाजूला हवा. तो मागे वळला की चाक पायडलच्या जवळ येतं आणि वळताना चवडा चाकाला लागतो. ती सायकल घेऊन एक मुलगा रोज शाळेत जात होता.

पूर्वी नाक्यानाक्यावर सायकलचं दुकान असे. तासावर भाड्याने सायकल मिळे, आणि तोच दुकानदार ओव्हरहॉलिंगही करी. त्यातल्या बहुतेकांनी पुढे मोटारसायकलचं काम धरलं, कारण पोट त्यावर भरतं. सायकल मात्र घरोघरी राहिली, विशेषतः शाळेतल्या मुलांकडे आणि कामावर जाणाऱ्यांकडे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, आणि त्यामुळे अनेकींची शाळा टिकली. पण सायकल मिळाली म्हणजे ती चालती राहिली असं होत नाही. तिच्याकडे कुणीतरी बघावं लागतं, आणि ते ‘कुणीतरी’ आता घरातलंच असायला हवं.

मी शिकलो एका जुन्या मिस्त्रींकडे. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. त्यांनी सुरुवातीला पाना हातात दिलाच नाही. सायकल उचलायची, चाक फिरवायचं आणि ऐकायचं, एवढंच काम. “बघायला शीक, मग खोलायला शिकवतो,” असं ते म्हणायचे. त्याचं मोल मला पुढे कळलं. सायकलीचा मोठा बिघाड बहुधा एका दिवसात उपटत नाही. तो आधी खडखडतो, घासतो, हलतो, सैल पडतो. ते ओळखता आलं तर निम्मी दुरुस्ती टळते.

निघण्याआधीची तपासणी

ही तपासणी मुलांनी स्वतः करायची. दोन मिनिटं लागतात.

सायकलीशेजारी उभं राहून पुढचा ब्रेक घट्ट दाबा आणि सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं जायला हवं, किंवा निदान पुढचं चाक जागचं हलता कामा नये. मग मागचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक न फिरता नुसतं घसटलं पाहिजे. पूर्ण दाबलेला लिव्हर आणि हँडल यांच्यामध्ये दोन बोटं मावतील एवढी जागा उरली पाहिजे. उरत नसेल तर सायकल घरीच ठेवायची, शाळेला चालत गेलं तरी चालेल.

दुसरं, दोन्ही चाकं हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. कटकट आवाज आला तर एकतर चाकाचे नट सैल आहेत किंवा आतले छर्रे धरून ठेवणारा कोन. तिसरं, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल वळवायचा प्रयत्न करा. चाक न वळता हँडल वळलं, तर हँडलचा बोल्ट सैल आहे. चौथं, टायर अंगठ्याने दाबा. पाचवं, सायकल हातभर उचलून खाली सोडा आणि ऐका. जो भाग खडखडेल तो शोधा. मडगार्डची सैल तार चाकात गेली तर चाक जागीच अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

ब्रेक

तारेच्या ब्रेकला शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत: तारेची पकड, रबराची जागा आणि तारेचा ताण.

पकडीपासून सुरुवात करा. तार नटाखाली घालून नट आवळला की लगेच खूश व्हायचं नाही. सायकल उभी असतानाच दोन्ही हातांनी, अंगातलं बळ लावून लिव्हर पुन्हा पुन्हा दाबायचा. तार निसटायची असेल तर ती अंगणात निसटू दे, उतारावर नको. निसटली तर ताणून पुन्हा आवळा आणि पुन्हा दाबा. आमच्या मुलीची सायकल जोडताना एवढी एक परीक्षा कुणी घेतली असती तर ते हाड वाचलं असतं. आणि तारेचा एखादा जरी धागा तुटलेला दिसला, मग तो लिव्हरपाशी असो की नटापाशी, तर तार बदलायची. ती स्वस्त असते आणि कुठेही मिळते.

रबराची जागा डोळ्यांनी ठरते. ब्रेक हळूच दाबून रबर रिमला टेकवा आणि वाकून बघा. रबर पूर्णपणे रिमच्या धातूवर बसलं पाहिजे. वर टायरला लागता कामा नये, खाली आऱ्यांकडे घसरता कामा नये. रबरावर ज्या खाचा असतात त्या झिजून सपाट झाल्या की रबर संपलं. काही सायकलींवर रबर झिजल्यावर आतला धातू उघडा पडतो आणि तो रिमच कोरू लागतो. ब्रेक दाबल्यावर खरखर आवाज येत असेल तर आधी हेच पाहा. शिवाय रबरात अडकलेली खडीची कच सुईने उकरून काढा. आमच्या रस्त्यावर हे काम पावसाळ्यात वरचेवर करावं लागतं.

ताण शेवटी. लिव्हरपाशी एक छोटा पोकळ स्क्रू असतो, तो उलटा फिरवला की तार ताणली जाते. रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटरवर असावं. फार जवळ आणलं तर चाक घासतं, फार लांब ठेवलं तर लिव्हर हँडलला टेकतो.

जुन्या काळ्या सायकलींना दांड्याचे ब्रेक असतात. त्यांत तार नसते, पण सांधे अनेक असतात, आणि प्रत्येक सांध्यातला नट सैल होऊ शकतो. वरून खालपर्यंत एकेक सांधा हाताने हलवून बघा. ब्रेक दाबल्यावर दोन्ही रबरं एकाच वेळी वर उचलून रिमच्या आतल्या कडेला टेकली पाहिजेत.

ओल्या रस्त्याबद्दल एक गोष्ट मुलांना बजावून सांगा. स्टीलच्या चकचकीत रिमवर पाणी असलं की रबराची पकड फार कमी होते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ती तुलनेने बरी राहते, पण तिथेही कमी होतेच. म्हणून पावसात उतार लागण्याआधीच ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यायची आणि अंतर जास्त ठेवायचं. डिस्क ब्रेक असतील तर त्या तबकडीला तेल किंवा तेलाचा हात लागू द्यायचा नाही, आणि उतार उतरल्यावर तिला बोट लावायचं नाही. ती भाजण्याइतकी तापलेली असते.

चाक, हँडल आणि पायडल

चाकाचे नट आवळताना एकच बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे जाऊ नका. थोडं इकडे, थोडं तिकडे, असं आलटून पालटून आवळलं की चाक सरळ बसतं. मग मागे उभं राहून चाक चिमट्याच्या बरोबर मध्ये आहे का ते बघा. झटकन उघडणारा लिव्हर चाकाला असेल, तर तो नटासारखा गोल फिरवून आवळायचा नसतो. तो मुडपून बंद करायचा असतो, आणि बंद करताना तळहातावर त्याचा वळ उठला पाहिजे एवढा घट्ट हवा.

हँडलच्या खुंटावर आणि सीटच्या पाइपवर एक रेघ कोरलेली असते. मुलं उंच होतात तशी सीट वर वर जाते. ती रेघ दिसू लागली म्हणजे पाइप आत पुरेसा राहिलेला नाही. त्यापलीकडे पाइप उचलू नका. मोठी सायकल घ्यायची वेळ झाली आहे.

पायडल काढताना अनेक जण फसतात. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. डावं पायडल काढायचं तर पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. हे माहीत नसलेला माणूस जोर लावत राहतो आणि क्रँकचे आटे कायमचे खराब होतात. उलटे आटे ठेवण्याला कारण आहे: पाय मारता मारता पायडलच्या दांड्यावर पडणारा भार फिरत राहतो आणि साधे आटे असते तर डावं पायडल हळूहळू उलगडून पडलं असतं. विमान बनवण्याआधी राइट बंधूंचं सायकलींचं दुकान होतं, आणि १९०० मध्ये त्यांनी न उलगडणाऱ्या पायडलची घोषणा केली होती. ओळखायची खूण सोपी आहे: बहुतेक पायडलच्या दांड्यावर डाव्या-उजव्याची इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. बसवण्याआधी आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि पहिले काही फेरे हातानेच फिरवा. हाताने सहज जात नसेल तर पायडल वाकडं लागलं आहे. पाना लावू नका.

पंक्चर

आता पंक्चर. ठिगळ लावणं कुणीही दाखवतं. न सांगितली जाणारी गोष्ट ही, की ठिगळाआधी कारण शोधायचं. काटा किंवा तार टायरमध्ये तशीच राहिली तर नवी ट्यूबही काही अंतरावर बसते.

ट्यूब काढण्याआधी वॉल ज्या जागी आहे तिथे टायरवर खडूने खूण करा. भोक सापडलं की ट्यूब टायरवर ठेवून त्याच जागी टायर तपासा. टायरच्या आतून हात फिरवायचा नाही, कापड फिरवायचं. जिथे धागा अडकेल तिथे काटा. आमच्याकडे बहुतेकदा बाभळीचा काटा किंवा ट्रकच्या फुटक्या टायरमधली केसाएवढी तार निघते. तार बाहेरून दिसत नाही, पकडीने आतून ओढावी लागते.

भोक कुठे आहे यावरून कारण कळतं. टायरच्या बाजूला असेल तर काटा. रिमच्या बाजूला असेल तर आऱ्याचं टोक वर आलं आहे किंवा रिमवरची पट्टी सरकली आहे. शेजारी शेजारी दोन समांतर चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली गेली. वॉलच्या बुंध्याशी फाटली असेल तर हवा कमी असताना टायर रिमवर सरकला आहे. तिथे ठिगळ टिकत नाही, ट्यूब बदला. आणि हवा सावकाश जात असेल, भोक सापडत नसेल, तर वॉलवर साबणाचं पाणी लावा. साध्या सायकलीच्या वॉलमधली रबरी नळी चिरली असेल तर तेवढी बदलली की काम भागतं.

ठिगळाचं तंत्र थोडक्यात सांगतो. ट्यूब कोरडी करा, भोकाभोवती पॉलिश पेपरने रबर काळंभोर दिसेपर्यंत घासा, ठिगळाहून थोड्या मोठ्या जागेवर सोल्युशनचा पातळ हात द्या आणि थांबा. सगळी घाई इथेच होते. सोल्युशनची ओली चमक जाऊन ते नुसतं चिकट लागलं पाहिजे; तोवर ठिगळ लावायचं नाही, फुंकर मारायची नाही. मग ठिगळ ठेवून मधून कडेकडे दाबत जा. टायर चढवताना शेवटचा भाग हाताच्या तळव्याने ढकला. पट्टीने चढवला तर पट्टीच ट्यूबला चावते. थोडी हवा भरून चाकाभोवती टायर चिमटून बघा, ट्यूब कुठे दबलेली नाही ना, आणि मगच पूर्ण हवा भरा. किती भरायची तो आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो.

नवा टायर आणताना नुसतं “छब्बीसचा द्या” म्हणू नका. २६ × १ ३/८ आणि २६ × १.७५ हे दोन्ही सव्वीसचेच, पण एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. अपूर्णांक आणि दशांश ही वेगवेगळी मापं आहेत. टायरवर ४७-५५९ असाही एक आकडा असतो. त्यातला दुसरा भाग म्हणजे रिमचं खरं माप, मिलिमीटरमध्ये. तो कागदावर लिहून न्या.

चेन

बिनगिअरच्या सायकलीची चेन वर-खाली अर्धा इंच हलावी. जास्त सैल असेल तर ती पडते आणि कधी चाकात अडकते. फार ताठ असेल तर जड जाते आणि कोन झिजतात. चेन जुनी झाली का, हे पट्टीने मोजता येतं. सायकलीच्या चेनमधल्या पिना अर्ध्या अर्ध्या इंचावर असतात. एका पिनेच्या मधोमध पट्टीचा शून्य धरा. तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ आली. १/८ इंच पुढे गेली असेल तर फ्रीव्हीलचे दातेही तिच्याबरोबर झिजले आहेत असं समजा; नवी चेन जुन्या दात्यांवर उड्या मारते, आणि चढावर उभं राहून पाय मारताना चेन उडाली तर माणूस तोंडावर आपटतो.

तेल घालायची पद्धत: आधी फडक्याने चेन पुसा, मग प्रत्येक कडीवर आतल्या बाजूने एक थेंब, पायडल उलटं फिरवत. थोड्या वेळाने वरचं तेल पुन्हा पुसून टाका. तेल कड्यांच्या आत हवं. वर राहिलं तर त्यावर धूळ बसते आणि तीच धूळ चेन खाते. खोबरेल तेल घालू नका, ते थंडीत थिजतं. तेलाचा एक थेंबही रिमवर किंवा ब्रेकच्या रबरावर जाऊ देऊ नका.

उत्तर कोकणात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणून चार महिने चेनचं काम दर आठवड्याला काढावं. भिजलेली सायकल आणली की पाणी निथळू द्या, चेन पुसा, तेल द्या. चौकटीच्या तळाशी, क्रँकपाशी एक बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं असेल तर तारेने मोकळं करा, नाहीतर आत पाणी साचून चौकट आतून गंजते. धुताना पाण्याची जोराची धार चाकाच्या मध्यावर मारू नका. ग्रीस निघून जातं आणि पाणी आत राहतं.

छर्रे

हे पुढच्या इयत्तेचं काम. चाकाच्या दोन्ही बाजूंना वाटीत छर्रे असतात आणि कोन त्यांना धरून ठेवतो. साध्या सायकलीला बहुतेक वेळा पुढच्या चाकात ३/१६ इंचाचे, बाजूला दहा, आणि मागच्या चाकात पाव इंचाचे, बाजूला नऊ छर्रे असतात. तरी आपल्या सायकलीतले मोजूनच काढा, खाली पांढरं फडकं पसरून. एकही छर्रा खड्डे पडलेला किंवा निस्तेज दिसला तर सगळे बदला. जुन्यात एक नवा मिसळला तर भार त्याच्यावरच येतो. कोन आवळताना चाक हलू नये आणि अडूही नये, हा मधला बिंदू शोधावा लागतो. चाक उचलून धरलं की वॉलचं वजन खालच्या बाजूला आलं पाहिजे, आपोआप, सावकाश झुलत. तो झोका दिसला की कोन बरोबर बसला.

जिथे हात लावू नये

वाकलेला चिमटा ठोकून सरळ करू नका, तो बदला. चौकटीला किंवा चिमट्याला तडा गेला असेल तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून डाग मारून घेऊन मुलाला त्यावर बसवू नका. डाग टिकला तरी त्याच्या शेजारचा पत्रा तापून कमजोर झालेला असतो. फ्रीव्हील उघडून आतले कुत्रे काढायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. त्याला वेगळं हत्यार लागतं.

चाकाचा आउट काढणं, म्हणजे डगमगत फिरणारं चाक सरळ करणं, शिकण्यासारखं आहे, पण टाकाऊ चाकावर. काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात, आणि एक आरा आवळला की समोरच्याचा हिशेब बदलतो. निपल एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. तुटलेला आरा मात्र लगेच बदलून घ्या, कारण त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो आणि मग तेही एकेक करून तुटतात.

आणखी एक नियम आमच्या घरात आहे: ब्रेकचं किंवा चाकाचं काम एकाने केलं की दुसऱ्याने तपासायचं. मी आवळलेले नट मुलगी तपासते, तिने आवळलेले मी. यात अविश्वास नाही. दिवसभर काम करून दमलेला हात एखादा नट विसरू शकतो.

हत्यारं आणि मुहूर्त

फार सामान लागत नाही. दहा आणि पंधरा नंबरचे पाने, अ‍ॅलन कीचा संच, एक स्क्रू ड्रायव्हर, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंक्चरचं सामान, हातपंप, ग्रीस, तेल आणि जुनं सुती फडकं. पाना नटाला नेमका बसणारा घ्या. ढिला पाना नटाच्या कडा गोल करतो आणि मग तो नट कुणालाच निघत नाही. भाग मिळण्याची चिंता करू नका. साध्या सायकलीची मापं पिढ्यान् पिढ्या तीच आहेत आणि लुधियानाहून येणारे सुटे भाग तालुक्याच्या बाजारातही मिळतात.

संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. आपल्याकडे ही तारीख फार सोयीची आहे. मृग तोंडावर असतो, शाळा उघडायला थोडे दिवस असतात आणि सुट्टीभर पडून राहिलेली सायकल कोपऱ्यात असते. त्या सुमारास ती बाहेर काढून वरच्या क्रमाने तपासावी: ब्रेक, चाकं, हँडल, टायर, चेन. शाळांना हे आणखी सोपं आहे. पहिल्या शनिवारी मैदानात मुलांच्या सायकली ओळीने लावून, गावातल्या एखाद्या जाणत्या मिस्त्रींना बोलावून, ब्रेकची परीक्षा तरी सगळ्यांची घेता येईल. त्याला निधी लागत नाही, परिपत्रक लागत नाही.

आणि हे काम मुलींना शिकवा. आमच्याकडे सायकल मुलीला मिळते आणि पाना मुलाच्या हातात जातो, ही रीत मी अनेक घरांत पाहिली आहे. रस्त्यावर एकटी असते ती मुलगी. उतारावर लिव्हर दाबायचा असतो तिला. माझ्या मुलीचं मनगट भरून आलं. आता तिच्या सायकलीचं सगळं काम ती स्वतः करते, आणि शेजारच्या लहान मुलांच्या सायकली नीट झाल्याशिवाय त्यांना रस्त्यावर जाऊ देत नाही. तिच्या दप्तरात दहा नंबरचा पाना असतो. सायकलने शाळेला जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या दप्तरात तो असावा, आणि तो कुठल्या नटाला लावायचा हे तिला घरातून कुणीतरी दाखवलेलं असावं.